हेही पहा

चिखलीच्या वाचनालयात शिरलं की उजव्या हाताला एक सागवानी कपाट होतं. त्याला दारं नव्हती, नुसते खण होते, चोवीस. प्रत्येक खणाला पितळी मूठ आणि मुठीच्या वर छोट्या चौकटीत सरकवलेली चिठ्ठी : ‘अ ते ई’, ‘उ ते औ’, ‘क’, ‘ख ते घ’. खण ओढला की आत साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची जाड कार्डं दाटीनं उभी असत. सगळ्यांच्या तळाच्या भोकातून एक सळई गेलेली असे. कार्ड चाळता येई, काढून नेता येत नसे. पाचवीच्या उन्हाळ्याच्या सुटीत, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायला लागलं की मी तिथं जाऊन बसायचे. पुस्तकांपेक्षा मला ते खण जास्त आवडायचे.

ग्रंथपाल काकांनी ते पाहिलं आणि मला हाकललं नाही. उलट एका दुपारी त्यांनी माझ्यासमोर दोनेकशे सुटी कार्डं ठेवली आणि म्हणाले, ‘‘बाई, एवढी अकारविल्हे लावून दे. घाई नाही.’’ मी ती लावली. त्यांनी एकेक पाहिलं, सात कार्डं बाहेर काढली, काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडं परत दिली. ती सात कुठं जातात हे शोधता शोधता माझी सुटी संपली असं म्हटलं तरी चालेल.

त्या कार्डांत दोन कार्डं अशी होती की ज्यांच्यावर पुस्तकाचं नावच नव्हतं. एकावर लिहिलेलं होतं, ‘बुलडाणा – पहा : बुलढाणा’. दुसऱ्यावर, ‘लोणार – हेही पहा : उल्का, सरोवरे, हेमाडपंती मंदिरे’. मी विचारलं, ही पुस्तकं कुठायत? काका म्हणाले, ‘‘हे पुस्तक नाही, ही वाट आहे. ‘पहा’ म्हणजे तू चुकीच्या दारात आलीस, बरोबर दार ते. ‘हेही पहा’ म्हणजे तू बरोबर दारात आलीस, पण शेजारीही लोक राहतात.’’

मी पुढं अभियांत्रिकी शिकले, पुण्यात नोकरीला लागले. रात्री जेवणं झाल्यावर मराठी विकिपीडियावर काम करायला लागले, त्याला आता दीड दशक होत आलं. लेख मी फार थोडे लिहिले. मी बांधते त्या लेखांच्या तळाशी असलेल्या चौकटी. लेख संपला, संदर्भ संपले, की सगळ्यात खाली एक आडवी रंगीत पट्टी दिसते. तिच्यावर एखादं शीर्षक असतं आणि एका टोकाला ‘दाखवा’. त्यावर टिचकी मारली की पट्टी उलगडते, आत गटवार नावं असतात, प्रत्येक नावामागं एक लेख. ‘लपवा’ म्हटलं की पुन्हा घडी. मार्गक्रमण साचा हे तिचं पोशाखी नाव. बोलताना आम्ही नॅवबॉक्सच म्हणतो. उजवीकडं वर जी माहितीचौकट असते, लोकसंख्या, क्षेत्रफळ, पिनकोड सांगणारी, ती वेगळी. ती या लेखाबद्दल बोलते. माझी चौकट शेजाऱ्यांबद्दल बोलते.

म्हणजे काकांची दोन्ही कार्डं तिथं आहेत. ‘पहा’चं कार्ड म्हणजे पुनर्निर्देशन : कुणी ‘बुलडाणा’ लिहून शोधलं तरी तो ‘बुलढाणा’च्या पानावर उतरतो. ‘हेही पहा’चं कार्ड म्हणजे ही चौकट. हे नातं माझ्या ध्यानात यायला काही वर्षं गेली. मी चौकटी बांधायला शिकत होते तेव्हा मला वाटत होतं की मी काहीतरी अगदी नवीन शिकते आहे.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. तिथली परिभाषा ज्यांनी घडवली त्यांचं ऋण मी वेगळं मानते. जिथं सगळे भेटून बोलतात त्या पानाला त्यांनी चावडी म्हटलं. आपोआप कामं करणाऱ्या यंत्रलिपीला सांगकाम्या म्हटलं. आणि जिथं नवख्यानं हवं ते लिहून, पुसून, चुकून पाहावं त्या पानाला धूळपाटी म्हटलं. हा शब्द मी पडद्यावर पहिल्यांदा वाचला तेव्हा हात थांबला होता. काकांच्या आजोबांनी पाटी-पेन्सिल येण्याआधी लाकडी फळीवर धूळ पसरून अक्षरं गिरवली होती, ही गोष्ट काका मला कितीदा तरी सांगत. बोटानं ‘ग’ काढायचा, चुकला की हातानं धूळ सारखी करायची, चुकीची खूणसुद्धा राहत नाही.

मी मात्र धूळपाटीवर गेले नाही. थेट वापरातल्या साच्यात हात घातला.

साच्याचं वैशिष्ट्य असं की तो एका जागी लिहिलेला असतो आणि शेकडो पानांवर उमटतो. पानावर दोन महिरपी कंस उघडायचे, साच्याचं नाव, दोन कंस मिटायचे, बस्स. मूळ साच्यात एक नाव वाढवलं की ते सगळ्या पानांवर वाढतं. हीच त्याची ताकद आणि हीच भीती. 2013 मध्ये ल्युआ ही आज्ञावली-भाषा विकिपीडियांवर येण्याआधी हे साचे नुसत्या कंसांनी विणलेले असत : कंसात कंस, त्यात अट, अटीत पुन्हा कंस. एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी अशाच एका साच्यात दुरुस्ती केली आणि मिटणारा एक कंस खाऊन टाकला. झलक न पाहता जतन केलं. ज्या ज्या पानावर तो साचा होता त्या सगळ्या पानांचा तळ विस्कटला. उघड्या कंसांची रांग, मध्ये तुटकी नावं, आणि ती एका पानावर नाही. मी घाबरून चुकीच्या जागी आणखी एक कंस घातला.

दहा मिनिटांत ते सगळं जागेवर आलं. कुणीतरी माझी दोन्ही संपादनं उलटवली होती. माझ्या चर्चा पानावर निरोप होता : ‘आपण साच्यांवर काम करत आहात याचा आनंद वाटला. प्रयोग कृपया धूळपाटीवर करावेत. कंस मोजण्याची एक रीत सांगतो.’ आणि खाली ती रीत, उदाहरणासकट. कंस आतून बाहेर मोजायचे. आधी सगळ्यात आतली जोडी शोधायची, ती मनानं पुसून टाकायची, मग तिच्या बाहेरची. शेवटी काही उरलं तर तिथं चूक.

त्या सदस्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ते त्यांचं खरं नाव नव्हतंच, आणि खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या सहा वर्षांत आम्ही एकमेकांच्या चर्चा पानांवर इतकं लिहिलं की त्याची जुनी पानं काढून वेगळी साठवावी लागली. ते मला ‘आपण’ म्हणत, मी त्यांना ‘आपण’ म्हणे. एवढं कळलं होतं की ते आमच्याच जिल्ह्यातले, घाटाखालचे.

हे ‘घाटाखालचे’ बाहेरच्या वाचकाला समजावून सांगायला हवं, आणि नेमका त्यावरूनच आमचा पहिला मोठा वाद झाला. बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके. अजिंठ्याची रांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि जिल्ह्याचे दोन मजले करते. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. बुलढाण्याहून मोताळ्याकडं राजूर घाट उतरताना कानांत दडे बसतात, हवा बदलते, जमीन सपाट आणि काळी होते, बोलणं वऱ्हाडी होतं. मुलगी दिली की लोक आधी विचारतात, घाटावर दिली की घाटाखाली? तालुक्यांची एक साधी चौकट आधी कुणीतरी केलेली होतीच. मला माझ्या धूळपाटीवर तिची मोठी आवृत्ती करायची होती, जिच्यात नद्या, धरणं, देवस्थानं, मोठी गावंही येतील. आणि मी गट पाडले : घाटावर, घाटाखाली. ज्या जमिनीवर मी वाढले ती तशीच होती.

त्यांनी लिहिलं : ‘मला हे वाचून घरी आल्यासारखं वाटलं. पण चिपळूणचा वाचक “घाटावर” वाचून काय समजेल? त्याच्या मनात कोकणाचा घाट येईल.’ मी चिडले. मी लिहिलं, चौकट बुलढाण्याची आहे, चिपळूणची नाही. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग महसुली उपविभागांप्रमाणे लावलेली यादी करून माझ्यापुढं ठेवली : बुलढाणा उपविभागात बुलढाणा आणि चिखली, मेहकर उपविभागात मेहकर आणि लोणार, असं. कोरडी, पण जिचा कागद दाखवता येईल अशी. मला ती पटली, आवडली नाही.

आमचा घाट परत आला तो नद्यांच्या गटात. पैनगंगा आमच्याकडं अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, बुलढाण्याजवळ येळगावच्या धरणात थांबते, पुढं वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला, आणि पाणी बंगालच्या उपसागरात जातं. घाटाखालच्या नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची वाटणी होते. एक थेंब एका समुद्राला, शेजारचा दुसऱ्याला. तेव्हा नद्यांचे दोन उपगट झाले, ‘तापी खोरे’ आणि ‘गोदावरी खोरे’. हे कुठल्याही वाचकाला कळतं, आणि जिल्ह्यातल्या माणसाला त्यात घाटावर–घाटाखाली न लिहिताही दिसतं. हे सुचलं त्यांना, मला नाही.

तिथंच त्यांनी माझी आणखी एक चूक पकडली, जी मी आजही नव्या लोकांना सांगते. मी दोन्ही खोऱ्यांत पूर्णा लिहिली होती आणि दोन्हींचा दुवा एकाच लेखाला दिला होता. आमच्या जिल्ह्यातून दोन पूर्णा जातात. एक घाटाखालची, तापीला मिळणारी. दुसरी देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडून मराठवाड्यात जाऊन गोदावरीला मिळणारी. तिला आपल्याकडं खडकपूर्णा म्हणतात. नाव एक, समुद्र दोन. चौकटीतला चुकीचा दुवा लेखातल्या चुकीपेक्षा वाईट, असं त्यांनी लिहिलं होतं, कारण लेख वाचणारा थोडा तरी विचार करतो, चौकटीत टिचकी मारणारा तुमच्यावर सोपवून मोकळा होतो. चिखलीचंही तेच. चिखली नावाची गावं महाराष्ट्रात जागोजागी आहेत; पिंपरी-चिंचवडमध्ये एक आहे, गुजरातेत नवसारी जिल्ह्यात एक आहे. दुवा देताना कंसात जिल्हा लिहायचा आणि वाचकाला मात्र नुसतं ‘चिखली’ दिसेल असं करायचं, ही उभी दांडी वापरून करायची युक्ती त्यांनीच मला दाखवली.

मराठीत चौकटी बांधताना एक अडचण येते जिची इंग्रजीत कुणाला कल्पनाही नसते. तिकडचे साचे असे असतात की गावाचं नाव द्या, शीर्षक आपोआप तयार होईल. आपल्याकडं गावाच्या नावाला प्रत्यय लागताना नाव स्वतःच बदलतं. चिखलीतील ठीक आहे. पण पुणेतील नाही, पुण्यातील. बुलढाणातील नाही, बुलढाण्यातील. मलकापुरातील म्हणतात, शेगावातील म्हणतात, लोणारला मात्र कान ‘लोणारमधील’ मागतो. यंत्राला सामान्यरूप कळत नाही. सुरुवातीला मी जोडून टाकायचे आणि पानोपान ‘पुणेतील’ उमटायचं. मग आम्ही साच्यात एक वेगळी जागाच ठेवली, जिथं प्रत्येक गावाचं सामान्यरूप माणसानं हातानं लिहायचं. काम वाढलं. पण वाचणाऱ्याच्या कानाला खडा लागत नाही.

आणि अकारविल्ह्याचं काय करायचं? शाळेच्या तक्त्यावर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ‘ळ’च्याही पुढं, अगदी शेवटी. संगणकाच्या लेखी मात्र ‘ज्ञ’ म्हणजे ज आणि ञ यांचं जोडाक्षर, म्हणून तो ‘ज’मध्ये. ज्ञानगंगा अभयारण्य कुठं लिहावं? मी चिखलीला काकांना फोन लावला. ते तेव्हा निवृत्त झाले होते. म्हणाले, ‘‘माझ्या कपाटात शेवटच्या खणात. पण ‘ज’च्या खणात एक कार्ड ठेवलेलं होतं, ‘ज्ञ – पहा : शेवटचा खण’. तूच लिहिलं होतंस ते. तुझं अक्षर तेव्हा बरं होतं.’’ मला ते आठवत नव्हतं. पाचवीतल्या सुटीत परत आलेल्या सात कार्डांतली तीन ‘ज्ञ’ची होती, एवढंच आठवलं.

आता मिटण्याबद्दल, कारण माझी खरी ओढ तिकडं आहे.

चौकट मिटलेली असणं हे दिसायला सोपं आहे. वाचकाच्या ब्राउझरमध्ये एक छोटी यंत्रलिपी धावते, ती शीर्षकपट्टी तेवढी ठेवून खालचे गट झाकते. लिपी धावलीच नाही तर चौकट उघडीच राहते, आणि हे चांगलं आहे. कुलूप बिघडलं तर दार उघडं राहावं, बंद नव्हे. मात्र झाकलेलं म्हणजे आलेलं नाही, असं नसतं. झाकलेली नावंही तारेवरून येतातच. चिखलीत तेव्हा इंटरनेट कॅफेत बसून मी पाहिलेलं आहे : पान उतरतं, तळाची चौकट पूर्ण उघडी दिसते, पाचसहा सेकंदांनी लिपी पोचते आणि चौकट डोळ्यांसमोर फट्‌कन मिटते. वाचणाऱ्याचं बोट तेवढ्यात एखाद्या नावावर गेलेलं असतं. तेव्हा मिटते म्हणून वाटेल तेवढं भरावं, हे चूक. मी अशी चौकट केली होती, जिच्यात चिखली तालुक्यातलं प्रत्येक गाव होतं. ती मिटलेली असताना सुंदर दिसे. उघडली की गोण पालथी केल्यासारखी. शिवाय मिटलेल्या भागातला शब्द ‘पानात शोधा’ म्हटलं तर सापडत नाही. त्यामुळे लेखाचा मजकूर घडीत कधीच ठेवायचा नाही, घडीत ठेवायची ती फक्त पुढची वाट.

चौकटीला तीन सवयी लावता येतात : नेहमी उघडी, नेहमी मिटलेली, आणि तिसरी आपोआप. आपोआप म्हणजे पानाच्या तळाशी ती एकटी असेल तर उघडी राहते. तिच्या जोडीला दुसरी अशी चौकट आली की दोघी मिटतात. पहिल्यांदा हे वागणं पाहिलं तेव्हा मला वाचनालयातलं काकांचं टेबल आठवलं. कुणी पोरगं एका गोष्टीसाठी आलं तर काका पुस्तक काढून, पान उघडून त्याच्यापुढं ठेवत. कुणी मोठा विषय घेऊन आला तर चार-पाच पुस्तकं मिटलेली, पाठ वाचणाऱ्याकडं करून ओळीत मांडत, म्हणजे पाठीवरची नावं वाचून त्यानं स्वतः उघडावं. ‘‘सगळी उघडून ठेवली तर तो एकही वाचत नाही,’’ असं ते म्हणत. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. काका ते प्रशिक्षणात शिकले असणार. मी ते त्या टेबलावर पाहिलं.

मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट अगदी लहान आहे. तालुक्यांची एकच चौकट तेराही पानांवर असते. पण तुम्ही चिखलीच्या पानावर असाल तर चौकटीतलं ‘चिखली’ आपोआप ठळक होतं आणि त्याचा दुवा जातो. मेहकरच्या पानावर मेहकर ठळक. हे कुणी वेगळं लिहीत नाही. पान स्वतःचं नाव ओळखतं. एसटी स्टँडवरच्या फलकावर बुलढाणा, खामगाव, मेहकर, जालना सगळी नावं असतात, चिखली नसतं. ते वर मोठ्या अक्षरात असतं, कारण तुम्ही तिथं उभे आहात.

विकिपीडियावरच्या प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कुणी, कधी, किती अक्षरं वाढवली, किती काढली, सगळं ओळीनं. दुसऱ्याच्या साच्यातून काही उचललं तर संपादनाच्या सारांशात ते कुठून घेतलं हे लिहायचं, कारण ज्या परवान्याखाली तिथलं सगळं खुलं आहे त्याची अटच आहे की मूळ लिहिणाऱ्याचा निर्देश हवा. मला ही अट फार आवडते. ऋण लिहून ठेवायला तिथं जागा करून ठेवलेली आहे. माझ्या चौकटींचा इतिहास उघडला तर घाटाखालच्या त्या सदस्याचं नाव पानापानावर सापडेल. काकांचं नाव कुठंही नाही. त्यांनी विकिपीडियावर एक अक्षर उमटवलेलं नाही. सारांशात त्यांना घालायचं तर काय लिहिणार, ‘चिखलीच्या वाचनालयातून, 24 खणांतून’?

सदस्य एका मार्चमध्ये थांबले. भांडण नाही, निरोप नाही. शेवटचं संपादन एका नदीच्या लेखात, शुद्धलेखनाचं, दोन अक्षरांचं. मी आठवडाभर वाट पाहिली, मग चर्चा पानावर लिहिलं, प्रकृती बरी आहे ना. मग महिन्यानं पुन्हा. त्यानंतर त्या पानावर फक्त सांगकाम्यांचे निरोप आले आहेत, मतदानाचे, स्पर्धांचे, एखाद्या चित्राला परवाना नसल्याचे. मी अधूनमधून जाऊन पाहते. त्यांना उत्तर देता येत नसेल, किंवा द्यायचं नसेल, किंवा कळवायला कुणी नसेल. मी त्यांच्या गावी चौकशी करू शकले नाही, कारण गाव ठाऊक नाही. घाटाखाली सात तालुके आहेत.

मागच्या दिवाळीत चिखलीला गेले तेव्हा काकांना भेटायला गेले. ऐंशी पार केली आहे, कानाला यंत्र आहे, डोळे चांगले आहेत. त्यांचं कपाट आता वाचनालयात नाही. पुस्तकांची नोंद संगणकावर झाली. नातवाचा फोन हातात घेऊन त्यांनी मला चिखलीचा लेख उघडायला सांगितला. ‘‘तू काय करतेस ते दाखव. कायम म्हणतेस, चौकट चौकट.’’

मी लेख उघडला आणि खाली सरकवत गेले. संदर्भ आले, पान संपलं. चौकट नव्हती. मला ठाऊक होतं, तरी त्या क्षणी मी विसरले होते : भ्रमणध्वनीच्या दृश्यात या चौकटी दाखवल्या जात नाहीत. लहान पडद्यावर त्या मावत नाहीत, म्हणून गाळलेल्या असतात. काका वाट पाहत होते. आमच्याकडं आज जो कुणी विकिपीडिया वाचतो तो जवळपास फोनवरच वाचतो. म्हणजे जिच्यासाठी मी रात्री घालवल्या ती माझ्याच गावातल्या माणसाला दिसत नाही. पानाच्या अगदी तळाशी ‘डेस्कटॉप’ असा दुवा असतो. तो दाबला. अक्षरं मुंगीएवढी झाली. दोन बोटांनी पान मोठं करत तळाशी नेलं, आणि ‘दाखवा’वर काकांचं बोट धरून टेकवलं.

चौकट उलगडली. ते बराच वेळ वाचत राहिले. मग ‘चिखली’वर दाबलं, पुन्हा दाबलं. ‘‘हे काहून उघडत नाही?’’

‘‘काका, आपण इथंच आहोत.’’

त्यांनी मान हलवली, लोणार उघडलं, मागं आले, मेहकर उघडलं, मागं आले. मग मी त्यांना माझ्या धूळपाटीवरची मोठी चौकट दाखवली, अजून वापरात न आणलेली. तिच्यात काही नावं लाल होती. लाल म्हणजे लेख अजून लिहिलेला नाही. विकिपीडियावर लाल दुवा हे आमंत्रण असतं, कुणीतरी यावं आणि लिहावं म्हणून. एक लाल नाव त्यांच्या मावशीच्या गावाचं निघालं. त्यांनी ते दाबलं, रिकामं पान आलं आणि ते माझ्याकडं पाहायला लागले.

‘‘आत एकही कार्ड नाही, अशा खणाकडं वाचकाला पाठवायचं नसतं. हे तुला मी शिकवलेलं आहे.’’

मी आमंत्रणाचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मला ते खूप वर्षांपासून पटत आलेलं आहे आणि तरी त्यांच्यापुढं बसून मला ते नीट मांडता आलं नाही. लेखात लाल दुवा असावा. पण चौकटीत, जिथं वाचक डोळे मिटून टिचकी मारतो, तिथं काकांचंच खरं असावं. मी म्हटलं, काढून टाकते ते नाव.

‘‘काढू नको. लिही.’’

मी सांगितलं की तुमची आठवण संदर्भ म्हणून चालणार नाही, छापील काहीतरी लागेल. दुसरा कुणी असता तर त्याला राग आला असता. ते उठले, आतल्या खोलीत गेले, आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि जिल्ह्याचं गॅझेटियर असे दोन जाड ग्रंथ छातीशी धरून आले. गॅझेटियरमध्ये कागदाचे कपटे घालून ठेवलेले होते, कपट्यांवर त्यांच्या अक्षरात गावांची नावं. ते कपटे म्हणजे जुनी कार्डं होती, उभी कापलेली. मागच्या बाजूला अर्धी अर्धी पुस्तकांची नावं दिसत होती. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. काकूंनी चहा ठेवला. काकांनी चष्मा पुसून गावाचं क्षेत्रफळ हेक्टरांत वाचायला घेतलं, आकडा दोनदा वाचला, आणि मी लिहिलेला आकडा मला मोठ्यानं परत वाचायला लावला.